शाईचा डाग : आधी शाई ओळखा, मग कापड ओळखा, मगच बाटलीला हात लावा

रमजानचा शेवटचा अशरा म्हणजे आपल्या शिंपी बांधवांच्या वर्षभराच्या कमाईचे दिवस. अशाच एका रमजानमध्ये आमच्या बाजारातील एका मास्टरच्या दुकानात रात्री एकच्या सुमारास गडबड झाली. ईदनंतर निकाह असलेल्या एका मुलीच्या जोड्याचे मोतिया रंगाचे शुद्ध रेशमी कापड टेबलावर अंथरलेले होते. माप लिहून झाल्यावर मास्टरने बॉलपेन कापडाशेजारी ठेवले. उन्हाळ्याचे दिवस, रिफिल गळकी. चण्याएवढा निळा डाग पडला. घाबरलेल्या पोऱ्याने मोरीतली ब्लीचची बाटली आणली आणि डागावर ओतून हाताने खसाखसा चोळले.

सहेरीच्या वेळेपर्यंत डाग गेला नाहीच, पण सभोवतालचे रेशीम पिवळे पडले आणि नखाने दाबले तर धागे तुटू लागले. कापडाची पूर्ण किंमत मास्टरने भरून दिली. त्या ईदला त्याच्या घरी नवे कपडे शिवले गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या दुकानी त्याच रंगाचे कापड शोधायला आला. त्याच्याजवळच्या कातरणीच्या तुकड्यावर मी त्याच रिफिलचा डाग पाडला आणि स्पिरिट लावून टिपत गेलो. वीस मिनिटांत डाग गेला. रेशमाला काही झाले नाही. मला जास्त वाईट वाटले ते यामुळे. नुकसान शाईने केले नव्हते, घाईने केले होते.

आपल्या समाजात कापड विकणारे, विणणारे, शिवणारे, जरदोजी करणारे, रफू करणारे, इस्त्री-धुलाई करणारे हजारो आहेत. मालेगाव-भिवंडीचा यंत्रमाग असो की गल्लीतले शिलाईचे दुकान, पेन आणि शिक्का सर्वांच्याच कामात आहे. म्हणून इतक्या वर्षांच्या धंद्यात जे शिकलो, ते व्यापारी आणि कारागीर बांधवांसमोर ठेवतो.

पहिली पाच मिनिटे

डाग पडला की पहिले काम म्हणजे चोळायचे नाही. चोळल्याने शाई पसरते आणि धाग्याच्या आत जाते. पांढरे सुती फडके किंवा टिश्यू कागद डागावर अलगद दाबावा, उचलावा, कोरडी जागा घेऊन पुन्हा दाबावा. फडके रंगीत नको, त्याचा रंग कापडाला लागेल.

दुसरे, इस्त्री लावू नये, गरम पाणी लावू नये, उन्हात टाकू नये. उष्णतेने शाई कापडात पक्की बसते, विशेषतः पॉलिस्टरमध्ये. इस्त्री फिरलेला डाग काढण्याची आशा निम्म्याहून कमी उरते, असा माझा अनुभव आहे.

तिसरे, स्वतःला दोन प्रश्न विचारावेत : ही शाई कोणती? हे कापड कोणते? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत कोणतीही बाटली उघडू नये.

शाई ओळखण्याची रीत

डाग कोणत्या पेनाचा हे माहीत असेल तर उत्तमच. नसेल तर एका कोपऱ्यात परीक्षा घ्यावी. डागाच्या कडेला थंड पाण्याचा एक थेंब टाकून पांढरे फडके दाबा. फडक्यावर रंग उतरला तर शाई पाण्यातली आहे. फाउंटन पेनची, स्केचपेनची किंवा शिक्क्याची. रंग उतरला नाही तर ती जागा कोरडी होऊ द्या आणि स्पिरिटचा एक थेंब टाका. आता उतरला तर शाई बॉलपेनची किंवा मार्करची. दोन्हींनी उतरला नाही तर ती कणांची शाई आहे, म्हणजे जेलपेनची, काजळीची किंवा छपाईची. त्यात कष्ट फार आणि यश थोडे.

याचे कारण समजून घ्या. बॉलपेनची शाई तेलासारख्या घट्ट द्रावात रंग विरघळवून केलेली असते. तिला पाणी लागत नाही, म्हणून साबण-पाण्याने कितीही धुतले तरी ती हलत नाही. स्पिरिट मात्र तिला पातळ करून बाहेर काढते. फाउंटन पेनच्या शाईत रंग पाण्यात विरघळलेला असतो, तिला पाणीच औषध. जेलपेनच्या बहुतेक शायांत रंग विरघळलेला नसतो, त्याचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेले की कण धाग्यात अडकून बसतात. जी वस्तू कशातच विरघळत नाही, तिला विरघळवून कसे काढणार?

आम्ही उर्दू शाळेत तख्तीवर लिहायचो ती काळी रोशनाई याच जातीची. काजळी आणि गोंद. कुर्त्यावर पडलेला तिचा डाग अम्मीने कितीही धुतला तरी राखाडी सावली राहायचीच. काजळीचा कण ना पाण्यात विरघळतो, ना स्पिरिटमध्ये, ना ब्लीचने उडतो. अशा डागावर घट्ट साबण लावून, मऊ ब्रशने हळूहळू कण सैल करणे एवढेच हातात असते.

कापड ओळखण्याची रीत

गिऱ्हाईक सांगेल त्यावर विसंबू नये. 'शुद्ध रेशीम' म्हणून आणलेले कापड अनेकदा पॉलिस्टर निघते आणि 'कॉटन' म्हणून आणलेल्यात निम्मे पॉलिस्टर असते. शिलाईच्या आतल्या दाबातून दोन-चार धागे काढा, चिमट्यात धरून काडीने पेटवा. खाली पाण्याची थाळी ठेवा.

सुती आणि व्हिस्कोस (रेयॉन) कागदासारखे भरभर जळतात, जळलेल्या कागदाचाच वास येतो आणि मऊ राखाडी राख उरते. रेशीम आणि लोकर हळू जळतात, केस जळाल्याचा वास येतो आणि बोटांनी चुरगळणारा काळा गोळा उरतो. पॉलिस्टर व नायलॉन आक्रसून वितळतात आणि कडक मणी उरतो, तो बोटांनी फुटत नाही. असेटेट नावाचे एक चमकदार कापड अस्तरात आणि साटीनमध्ये असते. तेही वितळते, पण त्याला सिरक्यासारखा आंबट वास येतो. हा वास लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मिश्र कापड असेल तर जो धागा नाजूक, त्याच्या हिशेबाने वागावे. आपल्या औरंगाबादी हिमरूत सूत आणि रेशीम दोन्ही असते. मशरूतही वरचा चेहरा रेशमाचा आणि अंगाला लागणारी बाजू सुताची असते. पुरुषांच्या अंगाला रेशीम लागू नये म्हणूनच ते कापड तसे विणले जाई आणि नावही तसेच पडले. या दोन्हींना रेशीम समजूनच हात लावावा.

दुकानात ठेवायची पेटी

एका छोट्या पेटीत या वस्तू ठेवा : पांढरी जुनी सुती फडकी, कापूस, मऊ ब्रश, डोळ्यात औषध घालतात तसला ड्रॉपर, आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली (केमिस्टकडे किंवा मोबाइल दुरुस्तीचे सामान विकणाऱ्याकडे मिळते), ग्लिसरीन, रिठा किंवा सौम्य पातळ साबण, हायड्रोजन पेरॉक्साइड, ऑक्झॅलिक ॲसिडची छोटी डबी, रबरी हातमोजे. सगळे मिळून खर्च एका साध्या ड्रेसच्या शिलाईपेक्षा जास्त होत नाही.

हात धुण्याचे सॅनिटायझर २०२० नंतर प्रत्येक दुकानात आले. त्यातही अल्कोहोलच असते. पाण्यासारखे पातळ आणि बिनरंगी असेल तर ते अडीअडचणीला चालते. निळे-हिरवे आणि जेलसारखे घट्ट असेल तर लावू नका, एका डागाचे दोन होतील.

ऑक्झॅलिक ॲसिड विष आहे. साखरेसारखे दिसते, म्हणून डबीवर मोठ्या अक्षरात लिहून मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी कुलपात ठेवा. स्पिरिट भडकणारी वस्तू आहे. बिडी, गॅस, पेटती शेगडी, गरम इस्त्री यांच्याजवळ उघडू नका आणि खिडकी उघडी ठेवा. जरदोजीच्या अड्ड्यावर आणि शिलाईच्या पोटमाळ्यावर जागा कोंदट असते, तिथे तर विशेष काळजी घ्यावी.

बॉलपेन : कापडानुसार इलाज

कृती सर्व कापडांना एकच, फरक हाताच्या जोराचा आणि सबुरीचा आहे. प्रथम आतल्या दाबावर स्पिरिटचा थेंब टाकून पाहावा, कापडाचा स्वतःचा रंग उतरतो का. उतरत असेल तर थांबावे. उतरत नसेल तर डागाचा चेहरा खाली करून जाड पांढऱ्या फडक्यावर कापड पालथे ठेवावे आणि मागच्या बाजूने ड्रॉपरने स्पिरिट सोडत जावे. शाई खालच्या फडक्यात उतरते. दर मिनिटाला फडक्याची जागा बदलावी. वरून टिपायचे असेल तर बाहेरून आत टिपत जावे, म्हणजे डाग पसरत नाही. रंग उतरणे थांबले की साबणाने धुऊन सावलीत वाळवावे. वाळल्यावर उजेडात पाहावे. डागाचा अंश राहिला असेल तर पुन्हा तीच कृती करावी. पूर्ण गेल्याची खात्री झाल्याशिवाय इस्त्री करू नये.

सुती : सर्वांत सोशिक. स्पिरिट, साबण, हलका ब्रश सर्व चालते. वाळून जुना झालेला डाग असेल तर आधी ग्लिसरीन लावून अर्धा तास ठेवावे, शाई नरम पडते. पांढऱ्या शुभ्र सुती कापडावर शेवटी फिकट छटा राहिली तरच पातळ केलेले ब्लीच : एक लिटर पाण्यात दोन चमचे, दहा मिनिटे, मग भरपूर पाणी. रंगीत सुतीला ब्लीच नाही.

टेरिकॉट व पॉलिस्टर : यात बुरख्याचे 'निदा' आणि जॉर्जेटही आले. पॉलिस्टर पाणी पीत नाही, त्यामुळे ताजी शाई वरवर असते आणि स्पिरिटने लवकर निघते. पण शर्टाच्या खिशात पेन राहून कपडा वॉशिंग मशीनमध्ये गेला आणि वर इस्त्री झाली, तर तोच डाग सर्वांत हट्टी होतो. लाइक्रा मिसळलेल्या ताणाच्या कापडाला ब्लीच अजिबात लावू नये, ताण मरतो.

व्हिस्कोस : कोरडे असताना मजबूत, ओले झाले की कमजोर. म्हणून ओल्या व्हिस्कोसवर ब्रश नाही, पिळणे नाही. फक्त टिपणे.

रेशीम : स्पिरिटने बहुधा बिघडत नाही, पण त्याचा रंग उतरू शकतो आणि ओल्या-कोरड्याच्या सीमेवर पाण्याची रेघ उमटते. म्हणून थोडे थोडे टिपावे आणि शेवटी ओलावा कडेकडेने विरळ करत न्यावा. धुणे भागच असेल तर रिठ्याचे पाणी किंवा सौम्य साबण, थंड पाणी. पैठणी किंवा भारी जोडा असेल तर स्वतः प्रयोग करण्यापेक्षा जाणकार ड्रायक्लीनरकडे द्यावा आणि डाग कोणत्या शाईचा आहे हे त्याला चिठ्ठीवर लिहून द्यावे. रेशमाला आणि लोकरीला ब्लीच कधीच नाही. ब्लीच या दोन्ही धाग्यांना खाऊन टाकते. मास्टरच्या दुकानी झाले ते हेच. पांढऱ्या रेशमावर शेवटची छटा राहिली तर हायड्रोजन पेरॉक्साइड चालते. आपल्याकडे केमिस्टकडे ते सामान्यतः ६ टक्क्यांचे मिळते, त्यात तितकेच पाणी घालावे आणि आधी दाबावर पाहावे.

लोकर : शाली, कोट, जाजम. गरम पाणी आणि चोळणे या दोन गोष्टींनी लोकर आटते, नमद्यासारखी होते. स्पिरिट थोडे, टिपणे जास्त.

असेटेट अस्तर : इथे नेलपॉलिश काढण्याचे पाणी म्हणजे ॲसिटोन लावलेत तर कापडच विरघळेल, भोक पडेल. सिरक्याचा वास लक्षात ठेवा म्हटले ते यासाठी. टिकल्या, प्लास्टिकचे मणी, बटणे यांवरही ॲसिटोन नको. त्यांची चमक जाते किंवा त्या वितळतात.

जरीकाम : जरी खरी असो, तांब्याची नकली असो की प्लास्टिकची, तिच्यावर कोणतेच द्रव पसरू देऊ नये. लिंबू, मीठ आणि ब्लीच यांनी धातूची जरी काळी पडते. स्पिरिटने प्लास्टिक जरीवरचा मुलामा उतरू शकतो. डाग जरीच्या शेजारी असेल तर कापसाच्या बारीक बोळ्याने, थेंबाथेंबाने काम करावे.

फाउंटन पेन आणि निळी-काळी शाई

साधी निळी शाई ताजी असेल तर थंड पाण्याच्या धारेखाली मागच्या बाजूने धरावी, मग साबण. घरोघरी दूध लावण्याचा रिवाज आहे. ताज्या डागाला त्याने थोडा फायदा होतो, पण थंड पाणी आणि साबणाने होतो त्यापेक्षा जास्त नाही. आणि दूध नीट धुतले गेले नाही तर त्याचा पिवळा डाग व वास मागे राहतो.

निळी-काळी शाई वेगळी. जुन्या पद्धतीच्या या शाईत लोहाचा क्षार असतो. लिहिताना निळी दिसते, हवा लागली की काळी होते. धुतल्यावर निळा रंग जातो आणि तपकिरी-करडा डाग राहतो, तो लोखंडाच्या गंजाचा भाऊ समजा. त्याला ब्लीच लावाल तर तो आणखी पक्का आणि पिवळा होईल. पांढऱ्या सुतीवर लिंबाचा रस आणि मीठ लावून कपडा उन्हात ठेवावा, ओलसर राहील इतका रस घालत जावा. एरवी उन्हात टाकू नये म्हटले, हा त्याला एक अपवाद. तरीही न निघाल्यास पेलाभर पाण्यात छोटा चमचाभर ऑक्झॅलिक ॲसिड, हातमोजे घालून, प्लास्टिकच्या भांड्यात. काही मिनिटांत डाग फिका पडतो. मग तीन-चार पाण्यांनी खळबळून धुणे फार जरुरीचे. ॲसिड धाग्यात राहिले तर सूत कुजते.

शिक्क्याच्या पॅडची शाई थानाच्या टोकाला नेहमी लागते. तिला आधी थंड पाणी-साबण, उरले त्याला स्पिरिट. गाठींवर ब्रशने मार्का घालतात ती शाई किंतानातून झिरपून वरच्या थानापर्यंत उतरते, असे पावसाळ्यात मी अनेकदा पाहिले आहे. त्यावर इलाज म्हणजे गाठ बांधताना वर प्लास्टिकचा कागद घालणे. आठ आण्याच्या कागदाने थान वाचते.

ज्या खुणा जात नाहीत

काही खुणा न जाण्यासाठीच केलेल्या असतात. पूर्वी धोबी बांधव कपड्यांवर बिब्ब्याच्या रसाने खूण करीत आणि वर चुना लावीत. ती खूण कपडा फाटेपर्यंत टिके. काहींच्या अंगाला त्या खुणेने खाज सुटे, कारण बिब्बा उततो. मतदानाच्या वेळी बोटाला लावतात ती शाई १९६२ पासून देशभर वापरात आहे. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असते आणि उजेड लागताच ती काळी होते. मतदान करून आलेल्या कारागिराने बोट वाळेपर्यंत पांढऱ्या कापडाला हात लावू नये, हाच तिचा इलाज.

शिंपी आणि जरदोजी कारागिरांसाठी

निम्मे डाग आपल्याच हाताने पडतात. पहिली शिस्त अशी की कटिंगच्या टेबलावर बॉलपेन नको. मापाची वही आणि पेन वेगळ्या स्टुलावर ठेवावे, कापडावर खूण खडूने किंवा साबणाच्या चपट्या वडीने करावी.

आता बाजारात इस्त्रीने पुसले जाणारे पेन आले आहेत. सोय मोठी आहे, पण त्यांचा रंग जात नाही, उष्णतेने तो फक्त दिसेनासा होतो. कपडा कडाक्याच्या थंडीत गेला तर रेघा परत दिसू लागतात. गडद कापडावर तर इस्त्रीनंतरही पांढुरकी रेघ राहते. थंड प्रदेशात पाठवायच्या मालावर हे पेन उजव्या बाजूने चालवू नका. दुसरे, पाण्याने जाणारे निळे पेन. त्याची खूण आधी थंड पाण्याने पुरती काढावी, मगच इस्त्री. उलट केलेत तर ती तपकिरी होऊन कायमची बसते. एकाच टेबलावर ही दोन्ही पेने ठेवणे म्हणजे संकटाला दावत आहे. एक इस्त्रीने जाते, दुसरे इस्त्रीने पक्के होते.

जरदोजीचा खाका घासताना झिंक किंवा नीळ रॉकेलमध्ये कालवतात. मिश्रण जास्त पातळ झाले तर रॉकेल पसरून कापडावर तेलकट कड राहते. घट्ट कालवावे, थोडे घ्यावे आणि आधी कातरणीवर पाहावे.

हे कधीच करू नका

ब्लीच आणि ॲसिड एकत्र करू नका, एकापाठोपाठ न धुताही लावू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, तो छातीवर घाव घालतो. मोरीचे ॲसिड कपड्यावर नको. टूथपेस्ट, पेट्रोल, थिनर हे प्रकार ऐकीव माहितीवर वापरू नका. कापडाचा रंग काढणारा हायड्रोस रंगारी बांधवांच्या हातचा आहे, तो डागाबरोबर कापडाचा रंगही नेतो. आणि एका औषधाने गेले नाही म्हणून लगेच दुसरे ओतू नका. मधे स्वच्छ पाण्याने धुवा.

पाक-नापाकचा प्रश्न

अनेक बांधव विचारतात की स्पिरिट लावलेल्या कपड्यावर नमाज होईल काय. एक तर शाईचा डाग ही नजासत नव्हे, तो राहिला तरी कपडा नापाक होत नाही. स्पिरिटबाबत उलमांनी वेगवेगळी मते मांडली आहेत; कशापासून बनले यावरही फरक केला आहे. आपण ज्या आलिमांना मानतो त्यांना विचारावे. कारागिराच्या बाजूने पाहिले तर डाग काढल्यावर ती जागा पाण्याने चांगली धुवायचीच असते, मग शंकेला जागा राहत नाही. ज्याला स्पिरिट नकोच, त्याने ग्लिसरीन आणि साबणाने काम करावे. वेळ जास्त लागेल आणि प्रत्येक डाग जाईलच असे नाही.

डाग गेला नाही तर

सर्व करूनही काही डाग जाणार नाहीत. तेव्हा खरी परीक्षा सुरू होते. मोह असा होतो की डाग घडीच्या आत टाकावा, शिलाईच्या चुणीत दाबावा किंवा थान उलटे गुंडाळून विकावे. बाजारात हे घडते, आपण सर्व जाणतो.

गिऱ्हाइकाचे कापड आपल्याकडे अमानत आहे. हनफी फिकहच्या किताबांत शिंपी, धोबी, रंगारी अशा अनेकांचे काम घेणाऱ्या कारागिराला 'अजीरे मुश्तरक' म्हटले आहे. त्याच्या स्वतःच्या कामाने माल बिघडला तर भरपाई त्याच्यावर येते. विकलेल्या मालात ऐब लपवला असेल तर खरेदीदाराला तो परत करण्याचा हक्क आहे. देशाच्या कायद्यातही, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार, सेवेत कसूर झाली तर ग्राहक जिल्हा आयोगाकडे जाऊ शकतो.

इमाम अबू हनीफा (रह.) कूफा शहरात कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या चरित्रात एक रिवायत येते. त्यांनी भागीदार हफ्स बिन अब्दुर्रहमान यांच्याकडे माल पाठवला आणि अमुक कापडात ऐब आहे, विकताना सांगून विका, असे बजावले. हफ्स माल विकून आले, पण सांगायचे विसरले आणि खरेदीदार कोण हेही त्यांना आठवेना. इमामसाहेबांनी त्या मालाची सगळी रक्कम सदका करून टाकली. आपल्याला इतके जमणार नाही, पण सांगून विकणे तर जमते.

सांगून विकण्यात तोटाही वाटतो तितका नाही. थानावर डाग असेल तर तेवढा तुकडा कापून बाकीचे पूर्ण भावाने आणि तुकडा कातरणीच्या भावाने विका. ड्रेसवर डाग पडला तर गिऱ्हाइकाला बोलावून दाखवा आणि तीन वाटा पुढे ठेवा : तिथे बूटा किंवा पॅच घालू, गडद रंगात रंगवून देऊ, नाहीतर किंमत भरून देऊ. बहुतेक लोक पहिलीच वाट निवडतात. माझ्या पाहण्यात असे अनेक गिऱ्हाईक आहेत जे त्यानंतर दुसऱ्या शिंप्याकडे गेलेच नाहीत.

सुरुवातीला सांगितलेल्या मास्टरने त्या रात्रीच मुलीच्या वडिलांना फोन करून खरे सांगितले होते. पुढच्या वर्षी त्या घरातल्या दुसऱ्या मुलीचा जोडा शिवायला त्याच्याच दुकानी आला. आता त्याच्या टेबलावर बॉलपेन नसते. भिंतीला ती पेटी टांगलेली आहे आणि वर पोऱ्याच्या हाताने लिहिले आहे : 'आधी विचारा.'